भाग ब, प्रश्न सातवा

माझ्या मरणाचा फॉर्म माझ्या बायकोनं जिन्यात उभं राहून भरला, आणि भरता भरता ती एकदा हसली. मोठ्यानं नाही. नाकातून हवा सोडत हसतात तसं, ‘हं’ आणि पुढे थोडंसं. पण आमच्या नवीन पनवेलच्या सिडकोच्या घराचं दार म्हणजे प्लायवूडचा पापुद्रा. बाहेर कुणी चपला काढल्या तर डावी आधी की उजवी आधी तेसुद्धा आत कळतं. मी दाराच्या अलीकडे अनवाणी, श्वास रोखून उभा. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिटी झाली. बाहेर पेन चाललं होतं. चाललं, थांबलं, मग ते हसू, मग पुन्हा जरासं चाललं, आणि मग पाकिटाची कड जिभेनं ओली केल्याचा आवाज – नाही, तेवढं काही ऐकू आलं नसणार, ते मी आता पदरचं घालतोय. पण हसली हे नक्की. तेवीस वर्षं संसार केलाय मी या बाईशी. नवरा मेल्यावर काय होईल असं छापील कागदावर विचारलं तर बाई हसते कशाला? हा प्रश्न त्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला माझ्या डोक्यात शिरला तो पुढचा शनिवार उजाडेपर्यंत निघाला नाही. माझ्यावाचून सुमतीचं काही अडतं का, एवढंच मला हवं होतं. दुसरं काही नाही. एकोणपन्नास वर्षांच्या माणसानं एवढं मागू नये काय?

नीट सांगतो. मी कुमार टिपणीस, पळस्पे फाट्याजवळच्या एका व्हॉल्वच्या कारखान्यात टाइमकीपर. कोण आलं, कोण नाही आलं, कोण उशिरा आलं आणि कोण येऊनही नसल्यासारखं वागलं – यांतल्या पहिल्या तीन गोष्टी मी मस्टरमध्ये लिहितो आणि चौथी मनात ठेवतो. एकोणीस वर्षांत एक खोटी हजेरी लावलेली नाही. मॅनेजरच्या भाच्याचीसुद्धा नाही. तर सत्त्याण्णव साल होतं, विम्याचा धंदा आज ना उद्या परदेशी कंपन्यांना खुला होणार अशी हवा होती, आणि अशाच कुठल्याशा येऊ घातलेल्या कंपनीसाठी मुंबईची एक संस्था पाहणी करत फिरत होती. कल्पना अशी की विमा कामगाराला कामाच्या जागीच विकायचा. सक्ती नाही, ज्याला हवा त्यानं घ्यावा, हप्ता पगारातून परस्पर कापला जाणार. पण लोक घेतील का? कशाच्या भीतीनं घेतील? हे शोधायला रुचिरा नावाची तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी ठाण्याहून आमच्या टाइम ऑफिसात आली. खांद्याला झोळी, केस बॉयकट, बोलणं चटपटीत. “काका, भाग अ एम्प्लॉयीनं इथे भरायचा,” ती म्हणाली. “भाग ब त्याच्या मिसेसनी घरी भरायचा, एकटीनं, आणि तिनंच पाकीट चिकटवायचं. हजबंडनी अजिबात बघायचं नाही हं, नाहीतर आन्सर्सवर परिणाम होतो. नाव नाही, फक्त नंबर. आठ दिवसांनी मी येऊन घेऊन जाते.” दोन्ही भाग परत करणाऱ्याला स्टीलचा डबा. एकशे अडतीस लग्न झालेले कामगार, एकशे अडतीस पाकिटं, आणि ती जमा करून कपाटात कुलपात ठेवायची जबाबदारी कुणाची? जिथे तिथे टिपणीस. नंबर मीच वाटले. माझा सत्त्याऐंशी.

पाकिटं वाटून, नोंदी उरकून संध्याकाळी घरी गेलो. सुमती वालाचं बिरडं करत होती. मी पाकीट पुढे केलं, तिनं हात न लावता वरचा मथळा वाचला, आणि म्हणाली, “हे आधी बाहेर न्या.” मी म्हटलं, “अगं, पाहणी आहे नुसती.” “काय असायचं ते असो. ‘पतीच्या पश्चात’ लिहिलेला कागद माझ्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही.” माझ्या लहानपणी महाडला कुणाच्या जाण्याचं कार्ड आलं की आई ते अंगणातच वाचायची आणि तिथेच फाडून टाकायची, कोपरा फाटका दिसला की आम्ही पोरं लांबूनच ओळखायचो आणि उगाच आनंदायचो, कारण शाळा बुडायची. सुमती बी.ए. आहे. कामोठ्याला क्लासमध्ये इंग्रजीचं व्याकरण शिकवते. तिच्यात हे अजून शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी कागद घेऊन जिन्यात गेलो, ती हात पुसत मागून आली, माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाली, “तुम्ही आत जा.” वर दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी आत आली ती थेट न्हाणीघरात. हातपाय धुतले, देवापाशी निरांजन लावलं, मग पानं घेतली. पाकीट तिनं बाहेर मीटरच्या पेटीमागे खोचून ठेवलं होतं. “सोमवारी जाताना काढून घ्या,” म्हणाली. मी बिरडं खायला बसलो. आता बघा, वालाच्या बिरड्याला दोन दिवस आधी वाल भिजवावे लागतात. मोड येऊ द्यायचे, एकेक डाळिंबी सोलायची. म्हणजे हे काही हसण्याची भरपाई म्हणून केलेलं नव्हतं, हे उघड होतं. पण डोकं एकदा फिरलं की फिरलं. मला वाटायला लागलं, परवाच हिला कसं कळलं की आज मला चांगलंचुंगलं घालावं लागणार? दोनदा वाढून घेतलं, आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडाकडे बघत जेवलो.

रविवार असाच गेला. सोमवारी ऑफिसात बाकी कुणी यायच्या आत मी पाकीट ट्यूबलाइटकडे धरलं. हे बघणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. फोडलेलं नाही, वाफेवर धरलेलं नाही, नुसतं वर धरलंय. पाकिटं स्वस्तातली होती आणि कागदाची घडी अशी पडली होती की प्रश्न सातवा बरोबर वरच्या थराला आलेला. प्रश्न मला पाठ होता: आपल्या पतीच्या पश्चात आपल्याला सर्वांत मोठी अडचण कोणती येईल असे वाटते? एकावर खूण करा. घरखर्च, मुलांचे शिक्षण, मुलांची लग्ने, घराचे कर्ज, आजारपण, इतर – थोडक्यात लिहा. सहा चौकोन. खूण होती सहाव्यावर. आणि पुढे तीन शब्द. उलटे, पुसट, एकमेकांत शिरलेले. पण तीन, हे पक्कं. मी पाकीट फिरवलं, आडवं धरलं, खिडकीशी नेलं, चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. तीन शब्द. पहिला मध्यम, दुसरा तेवढाच, तिसरा तेवढाच. घरखर्च नाही! शिक्षण नाही! मितालीचं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, पुण्याचं होस्टेल, तिच्या लग्नाचं तर अजून नावही नाही, सिडकोचे हप्ते सुरू, आणि या बाईला यातलं काहीच अडचणीचं वाटत नाही? मग तीन शब्दांत मावणारं असं आहे तरी काय? आणि तेवढ्यात माझ्या तोंडून, अगदी मोठ्यानं, एक वाक्य बाहेर पडलं. ‘काहीच अडचण नाही.’ मोजलं. तीन शब्द.

त्यानंतर माझा आठवडा कसा गेला ते कुणालाही सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. मी मस्टर लिहीत होतो आणि तीन-तीन शब्दांची वाक्यं करत होतो. ‘सुटले एकदाची बाई.’ ‘बघू तेव्हाचं तेव्हा.’ ‘घर मोठं वाटेल.’ हे शेवटचं बुधवारी सुचलं आणि जेवण गेलं. पुरावे आपोआप गोळा व्हायला लागले. मला आठवलं, पाच वर्षांपूर्वी हजेरीच्या पंचिंग मशीनच्या ट्रेनिंगला कंपनीनं मला बारा दिवस कोइमतूरला पाठवलं होतं. घरात माझी कामं ठरलेली होती: पहाटे पाणी येई तेव्हा पिंप भरायचं, रात्री दाराची कडी दोनदा तपासायची, आणि दर रविवारी वडिलांच्या वेळच्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली द्यायची. मी कोइमतुराहून रोज रात्री एस.टी.डी.च्या रांगेत उभा राहून फोन करायचो. शेजारच्यांकडे फोन होता, तिथे ती यायची. “पाणी?” “भरलं.” “कडी?” “लावली.” “काही अडचण?” “नाही हो, कसली अडचण.” परत आलो तर बाथरूमच्या नळाची सहा महिन्यांची गळती थांबलेली, बैठकीच्या खोलीला निळे पडदे, आणि भिंतीवर सेलवर चालणारं घड्याळ. “तुमचं ते कपाटावर ठेवलंय नीट पुसून,” ती म्हणाली. “उगाच दर रविवारी लक्षात ठेवायचं.” उगाच! मी त्या पडद्यांचं कौतुकसुद्धा केलं होतं. त्या गुरुवारी दुपारी, जनरल शिफ्टच्या कार्डांचा गठ्ठा हातात घेऊन मला पाच वर्षांनी त्या पडद्यांचा संताप आला. एवढा, की हरेश म्हात्रेच्या कार्डावर हजेरीच्या जागी मी लाल पेनानं चक्क ‘पडदे’ लिहिलं. एकोणीस वर्षांतली माझी पहिली खाडाखोड.

आणि लाल पेनावरून आठवला विनायक. स्टोअरमधला. त्याची आठवण मी सहसा येऊ देत नाही. जुन्या पनवेलला तो खोली घेऊन एकटा राहायचा, बायको गावी. एका सोमवारी तो आला नाही. मी गैरहजरचा लाल ‘ग’ लिहिला. मंगळवारी ‘ग’. बुधवारी मी चिडून जरा ठसठशीत ‘ग’ लिहिला, कारण विनायक न कळवता राहायचा नाही आणि आता त्यालाही शिंगं फुटली असं मला वाटलं. गुरुवारी पुन्हा ‘ग’. शुक्रवारी त्याचा मेहुणा त्याची छत्री आणि डबा न्यायला गेटवर आला. रविवारी दुपारीच गेला होता बिचारा, वामकुक्षीत. म्हणजे मी चार दिवस एका मेलेल्या माणसाला गैरहजर लावत होतो, आणि वर त्याच्यावर रागावलो होतो. ते चार ‘ग’ खोडावेत की ठेवावेत मला कळेना. खोडले तर तो हजर होता असं होतं. शेवटी ठेवले. आता मला वाटायला लागलं, माझ्या वेळी कोण लिहील? आणि घरी, आमच्या त्या निळ्या पडद्यांच्या खोलीत, माझा ‘ग’ कितव्या दिवशी कुणाच्या लक्षात येईल? विचार बरा नव्हता. मी कँटीनला जाऊन दोन कप चहा घेतला, तरी गेला नाही.

हे सगळं मी एकाच माणसापाशी बोललो, भगवानपाशी. भगवान क्रेनवर आहे. गावची जमीन सिडकोत गेली, कळंबोलीच्या लोखंड बाजारात पोरांचे चार ट्रक फिरतात, तीन मजली घर आहे, गच्चीवर डिश आहे. त्याला नोकरीची काडीची गरज नाही. पण घरी बसलं की भामा, म्हणजे बायको, कामं सांगते म्हणून तो नित्यनेमानं पहिल्या पाळीला हजर. माझ्या मस्टरमधला सर्वांत स्वच्छ माणूस. त्याचं पाकीट मी हातात घेतलं तर बोटांना पिवळं लागलं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. “हे काय रे?” मी विचारलं. “भामानं लावलं. म्हनते, असला अभद्र कागद, तोंड गोड करूनच धाडायचा. लिवलं अंकितानं, पोरीनं. सांगितलं भामानं.” “काय लिहिलंय?” “मला काय ठाव? तुमीच सांगितलं ना, बगायचं नाय. आमी नाय बगितलं.” मग मी माझी व्यथा सांगितली. तीन शब्दांसकट. त्यानं शांतपणे ऐकलं, तंबाखू मळली, आणि म्हणाला, “टिपनीससाहेब, फोडा की. फेविकॉल मी आनून देतो.” “छे! जबाबदारी आहे माझ्यावर.” “मग वैनींना इचारा.” “काय विचारू? मी मेल्यावर तुला काय अडचण येईल असं?” “हां.” “असं कुणी विचारतं का बायकोला!” “त्या मुंबैच्या पोरीनं इचारलंच ना,” भगवान म्हणाला, “एकशे अडतीस बायांना.” त्याचं तोंड तंबाखूनं भरलं होतं तरी तो हसल्याचं मला दिसलं.

घरी सुमती नेहमीसारखीच होती. हे सगळ्यांत वाईट. ती रागावली असती, गप्प असती, डोळे चुकवत असती तर एक धागा मिळाला असता. ती क्लासला जात होती, येताना भाजी आणत होती, माझ्या शर्टाची बटणं लावत होती. शुक्रवारी संध्याकाळी दाराशी एक टायवाला पाण्याचा फिल्टर विकायला आला. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर उलटा आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सुमतीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग तिचं ते नेहमीचं वाक्य आलं, ज्यानं आमच्या दारातून आजवर शेकडो माणसं परत गेली आहेत. भिशीवाल्या बायका, साबणाच्या प्रात्यक्षिकवाल्या मुली, ज्ञानकोशाचे बारा खंड हप्त्यावर देणारा एक गरीब पदवीधर, सोसायटीचे सेक्रेटरी. “यांना विचारून सांगते हं,” असं म्हणते, गोड हसते आणि दार लावते. मला? मला कधी काही विचारलेलं नाही. पनवेलचं हे घर घ्यायचं तेव्हा गिरगावातली खोली सोडायला मी तयार नव्हतो. तर सिडकोचा अर्ज भरून, रांगेत उभं राहून, परत येऊन तिनं सांगितलं, “सही करा इथे.” मिताली इंजिनीअरिंगला जाणार हे मला मितालीच्या मैत्रिणीकडून कळलं. तेवीस वर्षं ही बाई माझं नाव दाराशी टांगून आत आपल्या मनासारखं करते आहे, हे मला माहीत होतं, आणि खरं सांगतो, त्याचं मला बरंच वाटायचं. कुणाला तरी वाटतंय ना की या घरात एक माणूस आहे, ज्याला विचारावं लागतं. त्या शुक्रवारी मात्र तेसुद्धा बरं वाटलं नाही.

शनिवारी अकराला रुचिरा आली. अर्धा दिवस, माणसं एकला सुटणार. तिला वाटलं होतं पाकिटं घेऊन जावं, पण भाग ‘ब’मधली काही अक्षरं आपल्याला लागणार नाहीत अशी शंका तिला आधीच होती. “काका, वेळ असेल तर इथेच बसून कोडिंग करू या? म्हणजे प्रत्येक आन्सरला एक नंबर द्यायचा. मी वाचते, कुठे अडले तर तुम्ही सांगा.” मी खुर्ची पुढे ओढली. ती पाकिटं फोडायला लागली आणि तिच्या पांढऱ्या ओढणीवर हळद पडायला लागली. कारण भामा एकटी नव्हती. निम्म्याहून अधिक पाकिटांना हळदकुंकू होतं, एकातून तांदळाच्या अक्षता निघाल्या, एकातून अंगारा. आणि थोड्याच वेळात तिचा चेहरा उतरला. “काका, हे काय आहे? घरखर्चवर एकही टिक नाही! शिक्षण, लग्न, काही नाही. सगळ्यांनी इतर!” तिनं एकेक वाचून दाखवलं. असं बोलू नये. देव आहे. शत्रूला विचारा. मी सवाष्ण जाणार, तेव्हा प्रश्न येत नाही. एकीनं ‘पतीच्या’वर काट मारून ‘सासूच्या’ केलं होतं आणि मग मात्र मन लावून सगळे चौकोन भरले होते. भामाचं होतं, हे कुठं जात नाय. “अहो, पण हे नुसतं इमॅजिन करायचं होतं!” रुचिरा रडकुंडीला आली. “मी क्लायंटला काय सांगू? पनवेलला कुणाचा नवरा मरतच नाही?” मी तिला पाणी दिलं. म्हटलं, पुढे वाच. मला त्या परदेशी कंपनीची काळजी करायला वेळ नव्हता, ऐंशी झाले होते. एक्याऐंशी. ब्याऐंशीत अक्षर लागेना, मी घाईघाईनं काहीतरी सांगून टाकलं. पंच्याऐंशी कोरं. शहाऐंशीत अंगारा. मग तिनं सत्त्याऐंशी फोडलं, वाचलं, आणि त्या दिवसात प्रथमच ती मुलगी खळखळून हसली. “हे ऐका! पतीच्या पश्चात मोठी अडचण कोणती? तर, यांना विचारून सांगते!”

तीन शब्द. तिनं लगेच कागदाच्या समासात नव्याण्णव लिहिलं. “नव्याण्णव काय?” मी विचारलं. “‘सांगता येत नाही’चा कोड.” “तो नाही लागणार याला.” “काका, उत्तरच नाहीये ना हे.” “आहे,” मी म्हटलं, आणि आवाज इतका चढला की गेटवरचा वॉचमन आत डोकावला. “मग कोणता कोड देऊ?” तिनं खरंच नम्रपणे विचारलं, पेन उचलून थांबली. आणि मला सांगता येईना. कारण पहिली गोष्ट मला वाटली ती अशी की झालं, टिपणीस, तुमच्या मरणालाही तिनं फिल्टरवाल्यासारखं दारातून परत पाठवलं. विचार करायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत, तोंडात बसलेलं वाक्य ठेवून दिलं. आठ दिवस मी ज्याच्यासाठी जेवलो नाही, ते उत्तर साबणवाल्या मुलीला मिळतं तेच. मी म्हटलं, “राहू दे नव्याण्णव,” आणि पुढचं पाकीट तिच्याकडे सरकवलं. एकशे अडतीस होईपर्यंत बसलो. डबे वाटले. माझा डबा पिशवीत टाकला आणि फाट्यावर रिक्षासाठी उभा राहिलो. रिक्षा आल्या, गेल्या. मी चालतच सुटलो. ऊन होतं, गोव्याकडचे ट्रक धूळ उडवत चालले होते, पिशवीत डब्याचं झाकण खुळखुळत होतं. अर्ध्या वाटेवर माझ्या मनात आलं, मी मेल्यावर तो टायवाला पुन्हा येईल तेव्हा ही काय म्हणेल? कुणाला विचारून सांगेल? मी थांबलोच. मागून सायकलवाला आला तो मला चुकवताना शिव्या घालून गेला. मला त्या ऐकूनसुद्धा बरं वाटलं.

घरी पोचलो तर सुमती पोळ्या करत होती. मी डबा ओट्यावर ठेवला. “मिळाला का?” ती म्हणाली. “बरा आहे, रवा राहील.” मी तिथेच उभा राहिलो. घाम पुसला. म्हटलं, “विचार.”

“काय विचारू?”

“मला विचारून सांगणार होतीस ना? आठ दिवस झाले. विचार.”

तिनं गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं. “फोडलंत पाकीट?”

“मी नाही. त्या मुलीनं फोडलं आणि मोठ्यानं वाचलं.”

“थांबा. घरात नको,” सुमती म्हणाली. पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली, मला दंडाला धरून जिन्यात घेतलं आणि दार ओढलं. माझ्या शर्टाच्या बाहीवर तिची पाच बोटं उमटली. मीटरच्या पेटीशी आम्ही दोघं उभे, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे.

“हसलीस का त्या दिवशी?” मी विचारलं. “मी ऐकलं.”

“दाराला कान लावून होतात?”

“होतो.”

“अहो, पेन टेकवलं आणि सवयीनं आधी तेच लिहिलं गेलं,” ती म्हणाली. “मग लक्षात आलं, ज्यांना विचारायचं तेच नाहीत असं धरून चालायचंय. हसूच आलं मला. म्हटलं खोडावं, दुसरं काहीतरी नीट लिहावं. पण पुढे काही सुचेचना. तशीच उभी राहिले जरा. मग चिकटवून टाकलं.” ती हातावरचं पीठ चोळून काढत होती. निघत नव्हतं. मग एकदम वर बघून म्हणाली, “बरं, आता विचारतेच. सांगा. काय अडचण येईल मला?”

तेवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला काही विचारलं होतं. “पाणी,” मी म्हटलं.

“गच्चीवर टाकी झाली. चोवीस तास पाणी आहे.”

“घड्याळ.”

“सेलवर चालतं.”

“रात्रीची कडी.”

“तुम्ही दोनदा बघता, मग तुम्ही झोपल्यावर मी तिसऱ्यांदा बघते.”

हे मला माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणीतरी लसणाची फोडणी दिली, ठसका वर आला, आम्ही दोघंही खोकलो. मी मीटरच्या चकतीकडे बघत राहिलो. ती सावकाश फिरत होती. मला बरंच काही सांगायचं होतं.

“विचार करून सांगतो,” मी म्हटलं.

“सावकाश सांगा,” सुमती म्हणाली. “मला काही घाई नाही.”